एक जानेवारीची माणसं

विनायक बावणेचं पोट कंप्युटरवर चालायचं, पण पाय धानाच्या चिखलातून आलेले. रायपूरजवळच्या अभनपूरच्या पलीकडे, सडक सोडून तीन कोस आत त्याचं गाव. तो चार वर्षांचा असताना आई गेली. बाप राइस मिलमध्ये मुनीम, सकाळी जाई अन् कोंड्याने पांढरा होऊन दिवेलागणीला येई. पोट्ट्याला वाढवलं ते पद्मिनीआत्याने. ती बापाची थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं झाली न झाली तोच माहेरी परत आलेली. काहून आली ते तिने कोणाला सांगितलं नाही अन् तिच्या तोंडाकडे पाहून कोणी विचारलंही नाही.

आत्याला एकच डोळा. डावा लहानपणी धानाचं कुसळ जाऊन गेला. उजव्याच्या भरवशावर तिने सगळं ओढलं. रोवणी केली, कापणी केली, विनायकच्या पाटीवरचे बाराखडीचे वळसे दुरुस्त केले, भावाच्या शेवटच्या आजारात त्याच्या उशाशी बसली. पुढे विनायक शिकला, रायपूरला चौबे कॉलोनीत राहायला गेला, बायको आली, लेकरं झाली. आत्या गावातच राहिली. शहरात कोंबड्यांना जागा नाही, एवढंच कारण तिने दिलं.

मग त्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला.

रायपूरच्या एका खासगी डॉक्टरने टॉर्च मारून पाहिलं अन् हात वर केले. एकुलता डोळा आहे, म्हणाला, इथे मी धोका घेत नाही. शहराच्या टोकाला, भनपुरीकडे ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथल्या मोठ्या डॉक्टरांचा अशा डोळ्यांत हात बसलेला आहे, त्यांच्याकडेच करा. विनायकला हे ऐकून बरंच वाटलं. कारण त्या दवाखान्याची लिस्ट त्याने स्वतः बनवलेली होती.

त्याचं ऑफिस म्हणजे एका मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. चार माणसं बसत. शाळांची फी, दुकानांचा माल, दवाखान्यांची नावं, असले प्रोग्राम ते बनवत. ट्रस्टचा दवाखाना गावोगाव शिबिरं घ्यायचा, मोतीबिंदूवाल्यांची नावं लिहायचा अन् नंबर आला की फोन करून बोलवायचा. पूर्वी हे रजिस्टरवर चाले. रजिस्टरवर चाले म्हणजे ज्याची ओळख त्याचा नंबर. सरपंचाची सासू आज नाव लिहून उद्या ऑपरेशनला, अन् गरीब म्हातारा दोन पावसाळे बसलेला. विनायकने प्रोग्राम केला तेव्हा तो ट्रस्टच्या यशवंतरावांना म्हणाला होता, "आता या लिस्टमध्ये कोणाचा मामा नाही." यशवंतराव म्हणजे ट्रस्टचे कारभारी, जुने वकील. त्यांना ते वाक्य इतकं आवडलं की पुढे ते स्वतःचंच म्हणून चार ठिकाणी सांगत.

सुरुवातीला लिस्ट नोंदणीच्या नंबराने लागे. पहिला आला तो पहिला. मग यशवंतरावांना वाटलं की म्हातारी माणसं वाट पाहता पाहता मरून जातात, तर सगळ्यात वयाने मोठा तो सगळ्यात आधी, असं करा. विनायकने एका दुपारी ते करून दिलं. जन्मतारखेने लिस्ट लावायची, काही अवघड नव्हतं.

लिस्ट अख्खी एकदम दिसत नसे. दवाखान्यात फोनवर बसणारी श्रावणी पंचवीस नावं उघडी, ती संपली की 'पुढे' दाबी, तेव्हा सर्व्हरकडून पुढची पंचवीस येत. आता सर्व्हरला कसं कळावं की मागचं पान कुठे थांबलं होतं? तर पोथी वाचता वाचता उठावं लागलं की माणूस जसा ओळीवर काडी ठेवून जातो, तशी खूण प्रत्येक पानाबरोबर जाई. तिला त्यांच्या धंद्यात कर्सर म्हणतात. पूर्वी खूण नोंदणीच्या नंबराची होती. लिस्ट वयाने लागली तशी विनायकने खूणही जन्मतारखेची केली. मागच्या पानावर शेवटचा माणूस ज्या तारखेचा, त्या तारखेच्या नंतर जन्मलेले पंचवीस आण. ऐकायला सरळ आहे. त्यालाही सरळच वाटलं.

कार्तिकात अभनपूरला शिबिर झालं. सहाशे बारा नावं पडली. आत्या बायांच्या रांगेत तीन तास उभी राहून चिठ्ठी घेऊन आली. श्रावणीला कळलं तेव्हा ती विनायकला म्हणाली, "भैया, आपकी बुआ हैं तो बोलिए, मैं कल ही बुला लेती हूँ." श्रावणी नागपूरकडच्याच घरातली, मराठी सगळं समजे, पण बोलायची हिंदीच. विनायकने नको म्हटलं. त्याला ते म्हणताना थोडं मोठं झाल्यासारखंही वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं. आत्यानेही तेच म्हटलं. रांगेतल्या बाया काय म्हणतील, म्हणाली, मी लागली आहे रांगेत, येईन रांगेनं.

शिबिराची लिस्ट एकदा बंद झाली की तिच्यात भर पडत नसे. बोलावलेल्याचं नावही निघत नसे, समोर हिरवी खूण होई तेवढंच. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. विनायक दर आठवड्याला आत्याचं नाव टाकून पाही. नाव येई, पुढे लिहिलेलं असे: प्रतीक्षेत. तो आत्याला फोनवर सांगे की नाव आहे, येईल नंबर. तिच्याहून मोठी पुष्कळ माणसं असतील, असा त्याचा हिशेब. आत्या म्हणे, हव, मले कुठं पळून जायचं आहे.

माघात तिचा डोळा लाल झाला. डोकं फुटेल असं दुखे, उलट्या झाल्या. तिने पित्त समजून ओलं फडकं बांधलं अन् चार दिवस खाटेवर काढले. विनायक त्या शनिवारी गेला होता. डोकं दुखून राहिलं, एवढंच ती बोलली. त्याने गोळी दिली. फडकं सोडून डोळा पाहायचं त्याला सुचलं नाही.

चैत्र संपता संपता शेजारच्या गावचा शालिग्राम नावाचा म्हातारा नातीचा हात धरून दवाखान्यात आला. त्याच्याजवळ कार्तिकातली चिठ्ठी होती. माझ्याहून धाकट्यांचे डोळे होऊन गेले, माझं काय, असं विचारून तो बाकावर जो बसला तो उठेना. श्रावणीने विनायकला फोन लावला. "भैया, ये बाबा सर्च में दिखते हैं, लिस्ट में नहीं दिखते."

विनायक हसला. तुझ्याकडूनच सुटलं असेल, म्हणाला. ती रागावली. तिने चारदा पाहिलं होतं.

तेव्हा तो गाडी काढून भनपुरीला गेला अन् तिच्या बाजूला स्टूल घेऊन बसला. आधी त्याने मोबाइल नंबर पाहिला, बरोबर होता. मग बाई की माणूस यावरून कोणी गाळलं जातं काय ते पाहिलं. तसं काही नव्हतं. मग त्याने लिस्ट जुन्यासारखी नोंदणीच्या नंबराने लावली अन् सगळी पानं उलटली. सहाशे बारा नावं आली. वयाने लावली. तेवीस पानं, नावं पाचशे एकोणसाठ. त्याने पुन्हा मोजलं. पाचशे एकोणसाठच. त्रेपन्न माणसं लिस्टमध्ये होती अन् कोणत्याच पानावर नव्हती.

पान त्याने पन्नासचं करून पाहिलं. हरवणारे कमी झाले. शंभरचं केलं, आणखी कमी, पण आधी हरवलेले काही सापडले अन् आधी होते ते काही आता गायब. म्हणजे दोष माणसांत नव्हता. दोष शिवणीत होता, जिथे एक पान संपून दुसरं सुरू होतं तिथे. त्याने पंचवीसची सगळी पानं छापली अन् टेबलावर एकाखाली एक लावली. तिसऱ्या पानाच्या तळाशी जन्मतारीख: एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठेचाळीस. चौथ्याच्या डोक्यावर: नऊ जून अठ्ठेचाळीस. सहाव्याच्या तळाशी एक जानेवारी. आठव्याच्या तळाशी एक जानेवारी.

श्रावणीने विचारलं, क्या हुआ. त्याने तळाच्या तारखांवर बोट ठेवलं.

गावच्या म्हाताऱ्यांना जन्मतारीख नसते. वर्ष अंदाजाने सांगतात, अन् कार्ड बनवणारा तारीख म्हणून एक जानेवारी टाकून मोकळा होतो. शाळेतला मास्तरही तेच करे. अशा शिबिरात निम्म्याहून जास्त लोक एक जानेवारीचे. एका वर्षाच्या एक जानेवारीला कधी आठ माणसं, कधी पंधरा. पान त्यांच्या मधोमध तुटलं की चार या पानाच्या तळाशी बसत, अन् खूण सांगे, आता या तारखेच्या नंतरचे आण. त्याच तारखेचे जे उरले ते नंतरचे नसत. ते मागेही नसत, पुढेही नसत. ज्याला खरी तारीख होती, ज्याचा बाप नोकरीत होता, ज्याच्या जन्माचा कागद होता, असा एकही माणूस त्या त्रेपन्नात नव्हता.

प्रोग्राम तपासायला ऑफिसात त्यांनी खोटी नावं भरली होती. तारखा कुठून आणाव्या, म्हणून ज्याने त्याने घरच्यांचे वाढदिवस टाकले. काकांचा, मावशीचा, सासऱ्यांचा. सगळ्या वेगवेगळ्या. चौबे कॉलोनीतल्या माणसांना वाढदिवस होते, म्हणून प्रोग्राम पास झाला. बाकी तिघं शहरातली, त्यांना काय ठाऊक. विनायकला ठाऊक होतं. त्याच्या बापाचीही एक जानेवारीच होती.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. खूण दुहेरी केली, तारीख अन् नोंदणीचा नंबर. आधी त्याच तारखेचे पण पुढच्या नंबराचे आण, मग पुढच्या तारखेचे. पानं उलटली. सहाशे बारा.

मग त्याने त्रेपन्न नावं वेगळी काढून छापली अन् श्रावणीच्या हातात दिली. द्यायच्या आधी वाचली. पद्मिनी बावणे अकराव्या पानाच्या शिवणीतली होती. जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे छप्पन्न. ती तारीखही त्यानेच लिहायला सांगितली होती. आधारचं शिबिर गावात लागलं तेव्हा तो तिला घेऊन गेला होता, परतीची बस निघायची घाई होती, मशीनवरच्या पोट्ट्याने विचारलं तसा तो म्हणाला होता, एक जानेवारी टाक भैया, सगळ्यांचीच तीच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत्याला दवाखान्यात घेऊन आला. मोठ्या डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. बाहेर येऊन त्यांनी विनायकला सांगितलं की मोतीबिंदू पिकून फुटला, डोळ्यात दाब चढला, मागची नस सुकून गेली. दुखणं थांबवायचे थेंब देतो, नजर येणार नाही. डोळा लाल झाला तेव्हा चार दिवसांत आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. नंबर काहून आला नाही, हे त्याने विचारलं नाही.

आत्याला विनायकने सांगितलं की उशीर झाला. ती हव म्हणाली.

बाकीच्यांना श्रावणीने दोन दिवसांत फोन करून संपवले. सेहेचाळीस जणांना लागोपाठ तारखा मिळाल्या. चौघांनी दुसरीकडे करून घेतलं होतं. दोघं मेले होते. यशवंतरावांना विनायकने सगळं लिहून दिलं, स्वतःची चूक म्हणून, सहीसकट. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् मशीन आहे, होतं, म्हणाले. विनायकला वाटलं याहून त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. फक्त श्रावणीने त्याला जिन्यात गाठून विचारलं, "बुआ को बताया?" त्याने मान हलवली, नाही म्हणून. ती खाली उतरून गेली.

अकरा दिवस त्याने ते पोटात ठेवलं. बाराव्या दिवशी दुपारी गावी गेला. आत्या पडवीत बसून लाखोळीची डाळ निवडत होती. बोटांनी खडा चाचपायचा, अन् फेकायचा. त्याच्या पावलांवरून तिने ओळखलं अन् पाणी घे म्हणाली. तो समोर बसला.

"आत्या, तुले फोन आला नाही ना, तो माह्यापायी नाही आला."

तिची बोटं चालूच होती. "नीट सांग."

त्याने सांगितलं. कर्सर अन् सर्व्हर सांगून उपयोग नव्हता. पंगत समज, म्हणाला. वयानं बसवली. पंचवीस पंचवीसनं वाढून राहिलो. एक वाढपी थांबला, त्यानं दुसऱ्याले सांगितलं, मी एक जानेवारीवाल्यांपर्यंत आलो, तू त्याच्या पुढून वाढ. पण एक जानेवारीवाले अजून सात बसून होते. त्यांच्या पत्रावळी तशाच राहिल्या.

"अन् पंगत कोणं मांडली?"

"मीच."

"मी त्या सातात?"

"हो."

आत्याने सूप बाजूला ठेवलं. "एक जानेवारी माही नाही ना पण."

"आधारवर तेच आहे तुह्या."

"असन. मी हरेलीच्या सणाची. माय सांगे, दारोदार कडुलिंबाची डगाली खोसून राहिले होते अन् मी झाली. नागपूरची राजधानी भोपाळले गेली, त्याच्या दोन वर्सं अगोदर." तिने पदर सारखा केला. "आम्हाले कागद नव्हता, दिवस तं होता."

"तू कधी सांगितलं नाही मले."

"तू विचारलं कधी? त्या दिवशी मी तोंड उघडलं, तोवर तू त्या पोट्ट्याले सांगून मोकळा. मले वाटलं सरकारात तसंच टाकतात."

विनायकने मनातच आकडे लावले अन् लावले याचा त्याला पस्तावा झाला. चोपन्नची हरेली, म्हणजे ऐन पावसाळा. ती नवव्या पानावर, पानाच्या पोटात आली असती. श्रावणीचं नववं पान पौषात झालं होतं. माघाच्या आधी.

आत्याने बाकीच्यांचं विचारलं. त्याने सेहेचाळीस, चार अन् दोन सांगितले. शालिग्रामचं झालं काय, म्हणाली. झालं, आता बिडी स्वतःच पेटवते, असं तो बोलला. ती थोडी हसल्यासारखी झाली, मग ते गेलं.

"मले पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, विन्या," ती म्हणाली. "अकरा दिवस मी आपल्या नशिबाले शिव्या देऊन राहिली होती."

ती रडली नाही, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, अन् असू दे असंही म्हणाली नाही. मग म्हणाली, जा आता, ऊन उतरायच्या आत सडकेला लाग. तो निघाला तेव्हा ती सूप पुन्हा मांडीवर ओढत होती.

रायपूरला चल म्हणून त्याने पुष्कळ मनधरणी केली. बायकोही येऊन सांगून गेली. आत्या ऐकेना. इथली भिंत न् भिंत माझ्या हाताची आहे, म्हणे, तिथं मी भांड्यासारखी पडून राहीन. मग पुढच्या शनिवारी तो निळी नायलॉनची दोरी अन् चार बांबू घेऊन आला. दाराच्या चौकटीपासून संडासापर्यंत एक अन् बोरिंगच्या हापशापर्यंत एक, अशी दोरी त्याने बांधली. शेजारची बाई हात लावायला आली, तिला त्याने नको म्हटलं. गाठी मारून झाल्या तशी आत्या पुढे आली अन् दोरीला हात लावून पाहिला.

"उंच झाली," म्हणाली. "मी किती उंचीची ते तुले माहीत नाही काय?"

त्याने सगळ्या गाठी सोडल्या अन् वीतभर खाली घेतल्या. मग ती रिकामी बादली उचलून बोरिंगकडे निघाली, डावा हात दोरीवर. विनायक मागे चालू लागला.

"मागं मागं येऊ नको," ती वळून न पाहता म्हणाली. "तुह्या पायाचा आवाज येते अन् माही पावलांची गिनती चुकते."

तो अंगणात थांबला. ती पोचली. तिने बादली खाली ठेवली, दांडा चाचपून पकडला अन् हापसायला लागली. बादली तोटीखाली नव्हती, हातभर बाजूला होती. पाणी सिमेंटवर पडून तिच्या पायांकडे वाहत आलं. विनायकच्या तोंडात हाक आली होती, ती त्याने गिळली. पाय ओले झाले तशी आत्या थांबली, पायाच्या अंगठ्याने धार कुठून येते ते पाहिलं, पायानेच बादली सरकवत तोटीखाली नेली अन् पुन्हा दांडा धरला.